उंचीला जुळणारा

नोएल मला पहिल्यांदा भेटला तो एका मयताला, आणि तेही आत नाही, बाहेर. पावसात.

मयत मिस्टर ट्रिंबलांचं होतं. ड्रमलासनच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. पेंड, बियाणं, खिळे, रबरी बूट असं सगळं तिथे मिळायचं. नऊ वर्षं मी त्या दुकानात काउंटरमागे उभी होते. माणूस फार भला. दर नाताळला मला एक बदक द्यायचे आणि दर बारा जुलैला सुट्टी. "डिम्फ्ना, उद्या आमच्या लोकांची मिरवणूक, ढोल फार वाजणार. तू आपली घरी बस," असं म्हणायचे आणि स्वतःच थोडे ओशाळायचे.

ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. त्यांचं ते चर्च, आमचं ते चॅपल. डॅडींच्या तरुणपणी आमच्या फादरांनी त्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकायला मनाई केली होती. ती मनाई उठून वीसेक वर्षं झाली, पण डॅडींच्या पायांना ते कुणी कळवलंच नव्हतं. "शेजाऱ्याचा मान राखायचा तो दारापर्यंत," असं ते म्हणायचे. त्यामुळे चाळीस वर्षांच्या मित्राच्या मयतालाही ते भिंतीबाहेर काठी टेकून उभे राहिले, आणि मी त्यांच्यावर छत्री धरून. आमच्यासारखे आणखी सातआठ जण होते. आणि टोकाला, झाडाखाली, एक उंच तरुण. डोक्यावर टोपी नाही, कॉलरमधून पाणी आत चाललेलं.

"इकडे या की," मी म्हटलं. "ते झाड वाचवत नाहीये तुम्हाला. आपलंही पाणी तुमच्यावर ओततंय."

"भिजायचा तेवढा भिजून झालोय," तो म्हणाला. "आता कोरडा झालो तर सर्दी होईल."

"ही कुणाची वैद्यकी?"

"आईची."

"मग छत्रीत आलात तर आई रागावेल?"

"ते..." तो जरासा हसला. "छत्री कुणाची, त्यावर आहे."

मी लाजले. मला वाटलं, चावटपणा करतोय.

आला तो. डॅडींनी कोटाच्या खिशातून एक पेपरमिंट काढून त्याच्या हातावर ठेवलं. "नाव काय, बाळा?"

"नोएल."

"नोएल कोण?"

"मार्टिन."

डॅडींनी मान हलवली. आमच्याकडे तोंडावर धर्म विचारत नाहीत, ते असभ्य समजतात. नाव विचारायचं, गाव विचारायचं, शाळा कोणती ते विचारायचं, आणि उरलेलं आपलं आपण ताडायचं. या विद्येत शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे पटाईत. पण 'नोएल' त्यांच्यातही असतात, आमच्यातही, आणि मार्टिन तर दोन्हीकडे पोत्यांनी. या माणसाचं नाव देवानं मुद्दाम कुंपणावर बसवलं होतं.

मला मात्र नावाची गरजच पडली नाही. त्यांच्या माणसाचं मयत, आणि हा आमच्याबरोबर भिंतीबाहेर पावसात उभा. म्हणजे आमचाच. आणखी काय पुरावा हवा?

आतून प्रार्थनेचा आवाज आला. डॅडींनी टोपी काढली आणि पुटपुटत साथ दिली. ती प्रार्थना दोन्हीकडची एकच आहे, शेपटाला काय तो थोडा फरक. मी नोएलकडे बघत होते. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता... आता पडेल, मग पडेल... माझं सगळं लक्ष त्या थेंबाकडे. डॅडींचं लक्ष कुठे होतं ते मला फार पुढे कळलं.

*

ते चौऱ्याऐंशी साल. पंधरा वर्षं आमच्याकडे दोन्ही बाजूंचे खून चालले होते, आणि रोज तेच. बातम्या लावायच्या, नाव ऐकायचं, कुठल्या बाजूचा ते ताडायचं, रेडिओ बंद करायचा. काही माणसं म्हातारपणाने जात होती, काही गोळीने, आणि दोन्हींसाठी सँडविचं सारखीच करावी लागत. आम्ही चिडण्याच्या पलीकडे गेलो होतो. नुसते दमलो होतो.

मी अठ्ठावीस वर्षांची होते. आई गेलेली, डॅडींचं हृदय अर्धंच चालत होतं, आणि भाऊ फर्गल सहा फूट चार इंच, आणि राग त्याहून उंच. माझ्या बरोबरीच्या मुली बॉस्टनला, सिडनीला निघून गेलेल्या. मला फार काही नको होतं. एक माणूस हवा होता, जो चारचौघांदेखत माझ्याबरोबर दारातून आत येईल. चॅपलच्या म्हणा, घराच्या म्हणा. मला बाहेर उभं राहण्याचाच कंटाळा आला होता.

नोएल दूध गोळा करणारा टँकर चालवायचा. मूळचा पलीकडच्या टायरोन परगण्याचा. आमच्या भागात येऊन त्याला चार महिने झाले होते. मयतानंतरच्या गुरुवारी तो दुकानात आला आणि हातमोजे मागितले. पुढच्या गुरुवारी परत हातमोजे. त्याच्या पुढच्याही.

पाचव्या गुरुवारी मी विचारलं, "तुम्हाला हात आहेत तरी किती?"

"दोनच. पण धांदरट आहेत."

"आणि डोकं?"

"ते दर गुरुवारी जागेवर नसतं."

मिसेस ट्रिंबल मागच्या खोलीत हिशेब करत बसल्या होत्या. त्या मोठ्याने खोकल्या. मी हातमोजे कागदात गुंडाळून दिले. ते घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर हवी त्यापेक्षा थोडी जास्त वेळ राहिली.

मग म्हाताऱ्या मिसेस मॅकमॅनस गेल्या. आमच्या चॅपलमध्ये मयताची मिस्सा, म्हणजे उपासना, होती. मी आत बसले होते, आणि उघड्या दारातून बघते तर नोएल बाहेर, भिंतीला पाठ लावून उभा. मला तेव्हाही शंका आली नाही. आमच्यातले निम्मे पुरुष जन्मभर मिस्सा बाहेरूनच ऐकतात. सिगरेट ओढत, फुटबॉलच्या गप्पा मारत, मधूनच क्रूसाची खूण करत. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलंच.

"आत जागा होती."

"बघितली."

"मग?"

"मला बाहेर बरं वाटतं."

"कायमचं?"

"सध्या तरी." त्याने नजर वळवली, आणि मग एकदम म्हणाला, "रविवारी बंडोरनला येतेस? समुद्र बघू. चिप्स खाऊ. तिथे भिंत नाही."

तो 'येतेस' ऐकून माझ्या अंगावर काटा आला, गोड काटा. घरी आल्यावर मी दोन बटाटे साखर घालून उकडले.

*

बंडोरन देशाच्या सीमेपलीकडे आहे, आणि सीमेच्या अलीकडे रस्त्यावर नाका असायचा. लष्कराचे अर्धवेळ सैनिक, बहुतेक आजूबाजूच्याच प्रोटेस्टंट घरांतली पोरं. आमच्या गाडीला तिथे हमखास वीस मिनिटं लागायची. डिकी उघडा, सीट उचला, कुठून आलात, कुठे चाललात, मावशीचं नाव काय. फर्गलला तर एकदा भर पावसात बूट काढायला लावले होते. मी सवयीने पिशवीतून विणकाम काढलं आणि सुयांना लागले.

सैनिक खिडकीशी वाकला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, नोएल! आई कशी आहे?"

"बरी आहे."

"पुढच्या मंगळवारी इव्हानला जाऊन दोन वर्षं होतील ना? आम्ही सगळे जमणार आहोत चर्चमध्ये. या वेळी तरी आत येशील ना रे?"

सैनिकाने मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या मेरीमातेच्या पदकाकडे पाहिलं. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"बरं... जा तुम्ही."

अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. माझ्या विणकामाचा एक टाकाही पुरा झाला नव्हता. इतक्या लवकर सोडलेल्या गाडीत मी जन्मात पहिल्यांदा बसले होते.

मैलभर गाडी पुढे गेली. मग मी विचारलं, "इव्हान कोण?"

"माझा भाऊ."

"सैनिक होता?"

"अर्धवेळ. बाकीचा सगळा वेळ गाई." त्याची नजर रस्त्यावर होती. "सकाळी दूध काढायला गोठ्यात गेला होता. तिथेच..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. असं पुढचं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. गोळी कुठल्या बाजूची होती तेही ताडावं लागलं नाही. ती माझ्या बाजूची होती.

"तू मला फसवलंस," मी म्हटलं.

"तू कधी विचारलंस?"

"इथे कुणी विचारतं का!"

"नाही. सगळे ताडतात. तूही ताडलंस, आणि चुकलीस." त्याचा आवाज खाली आला. "पण तुझं ते चुकणं इतकं गोड होतं, डिम्फ्ना... मला दुरुस्त करवेना. कुणीतरी मला न तपासता छत्रीत घेतलं होतं."

"तपासलं होतं रे! बाहेर उभा होतास म्हणून तर घेतलं! तुझे लोक आत बाकांवर बसलेले, मग तू आमच्यासारखा बाहेर कशाला उभा होतास?"

त्याने गाडी बाजूला घेतली. समोर समुद्र आला होता. करडा, थकलेला.

"इव्हानच्या वेळी मी पहिल्या बाकावर होतो," तो म्हणाला. "पेटी हातभर अंतरावर होती. त्यावर झेंडा. ऑर्गन सुरू झाला आणि... तेव्हापासून मला कुठल्याच दारातून आत जाता येत नाही. पाय थांबतात. तुमच्या दाराशी थांबतात, आमच्याही दाराशी. माझे लोक विचारतात, का रे येत नाहीस? त्या दिवशी तुमच्यात उभा राहिलो तर कुणी काही विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने पेपरमिंट दिलं."

मला रडू आलं. त्याची कीव आली म्हणून आलं, की माझी आली म्हणून, ते मला नीटसं ठाऊक नाही. आम्ही गाडीतच बसून चिप्स खाल्ले. ते गार झाले होते.

"तुझ्या आईला कळलं तर?" मी विचारलं.

"तिला तुझं नाव ऐकूनच पुरे होईल. आणि फर्गलला?"

"त्याला तुझ्या भावाचं."

बराच वेळ दोघंही काचेवरचं पाणी बघत राहिलो. भांडायलासुद्धा त्राण लागतं.

"मला दारातून आत येणारा माणूस हवा होता, नोएल," मी शेवटी म्हटलं. "आणि देवाने धाडलास तू."

"चेष्टेखोर आहे तुझा देव."

"तुझाही तोच आहे म्हणतात." मी डोळे पुसले. "गुरुवारी हातमोजे न्यायला येऊ नकोस."

"नाही येत," तो म्हणाला. "अकरा जोड झालेत. पुरतील."

*

नाक्यावरचा तो सैनिक कुणाला तरी बोलला, ते कुणी कुणाला तरी, आणि आठवडाभरात ड्रमलासनच्या कोंबड्यांनाही कळलं. फर्गल स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं दिव्याला लागलं.

"त्यांच्यातला? सगळ्या जगात तुला त्यांच्यातलाच सापडला?"

"सोडलंय मी ते."

"पावसात उभं करून बूट काढायला लावले होते मला. पोरं हसत होती."

"तुझे बूट नोएलने नव्हते काढायला लावले."

"आणि त्याच्या भावाला मी नव्हतं मारलं!"

दोघांचंही बरोबर होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. फर्गलने हलणारा दिवा थांबवला आणि गाई बघायला निघून गेला.

ऑक्टोबरात डॅडींनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी त्यांना चमच्याने सूप भरवत होते.

"तो छत्रीतला मुलगा दिसत नाही हल्ली," ते म्हणाले.

"तो... आपल्यातला नाही, डॅडी."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "कसं?"

"आतून प्रार्थना ऐकू आली ना? 'वाइटापासून सोडव' म्हणून आपण थांबतो. ते थांबत नाहीत, सलग पुढे जातात... राज्य, सामर्थ्य, गौरव. मी थांबलो, आणि त्याचे ओठ पुढे चालूच. लहानपणापासूनची सवय, त्याला स्वतःलाही पत्ता नसेल."

"मग त्याला पेपरमिंट कशाला दिलंत?"

"गारठला होता पोरगा. घशाला काय कळतंय कुठल्या बाजूचा ते?"

"आणि मला का नाही सांगितलंत? तेव्हाच सांगितलं असतं तर..."

डॅडींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात आता पाखरासारखा हलका झाला होता. "बाय माझी, तू हसली होतीस. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा. ते मी कसं बंद पाडू?"

मी सूप ढवळत राहिले. ते ढवळायची काही गरज नव्हती.

"ट्रिंबल माझा जिवाभावाचा," डॅडी सावकाश म्हणाले. "त्याची शेवटची गाणी मी भिंतीतून ऐकली. मनात होतं, आत जावं, शेवटच्या बाकावर बसावं. कोण अडवणार होतं? कुणीच नाही. पण पायांना एकदा वळण लागलं की लागलं. तुझे पाय अजून तरणे आहेत. वेळेत मोकळे कर."

*

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॅडी गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता.

दोन दिवस घर माणसांनी भरून वाहत होतं. चहा, हॅम, सँडविचं, आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन तेच एक वाक्य, "तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं." मिसेस ट्रिंबल येऊन तासभर डॅडींच्या उशाशी बसल्या. नोएल आला नाही. मीच नको म्हटलं होतं ना. तरी दर वेळी दार वाजलं की मी बघत होते, आणि फर्गल मला बघताना बघत होता.

मयताच्या दिवशी पाऊस होताच. आमच्याकडे शवपेटी सहा जण उचलतात, दोघा-दोघांच्या तीन जोड्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. रस्ताभर शेजारीपाजारी आळीपाळीने खांदा देतात. शेवटचा टप्पा, फाटकापासून चॅपलच्या आत वेदीपर्यंतचा, तो घरच्यांचा. आणि जोड्या लावायच्या त्या उंचीने, नाहीतर पेटी कलंडते. हे काम मिस्टर गिलीस यांचं. तालुक्यातला प्रत्येक पुरुष त्यांनी नजरेने मोजून ठेवला होता.

फाटकापाशी पेटी दोन तिवयांवर ठेवली, आणि मिस्टर गिलीस अडले. फर्गलच्या उंचीला जुळणारा एकच होता, आमचा चुलतभाऊ मॅलकी. तो बॉस्टनहून निघाला होता, पण विमान धुक्यात अडकलेलं. त्यांनी एका मामाला फर्गलशेजारी उभा केला. तो त्याच्या कानापर्यंत. दुसऱ्याला केला. तो खांद्यापर्यंत.

"नाही, नाही," मिस्टर गिलीस म्हणाले. "तुझा बाप पॅकी उभ्या जन्मात कधी पिऊन झुकला नाही. आता मी त्याला झुकवणार नाही."

त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. मग गर्दीपलीकडे. भिंतीबाहेर, पावसात, प्रोटेस्टंट लोक उभे होते, दारापर्यंतचा मान राखायला. मिसेस ट्रिंबल होत्या, गुरांचे डॉक्टर होते, आणि टोकाला, टोपी हातात धरून, नोएल. सगळ्यांच्या डोक्यावरून दिसेल इतका उंच.

मिस्टर गिलीस यांची नजर त्याच्यावर थांबली आणि चटकन खाली वळली. सगळ्यांनी ते पाहिलं. तो कोण, कुणाचा भाऊ, हेही सगळ्यांना माहीत होतं. नुसता छत्र्यांवरचा पाऊस ऐकू येत होता.

मला वाटलं, आता गप्प राहिले तर जन्मभर गप्प राहीन. हळू बोलले असते तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून मी मोठ्याने बोलले.

"नोएल, तू ये." आणि मग मिस्टर गिलीसना म्हटलं, "माझा माणूस आहे तो. उंचीला जुळेल."

सगळ्या गावाने ते ऐकलं. माझे कान तापले, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. किती दिवसांनी काहीतरी ताडायला न ठेवता सरळ सांगून टाकलं होतं.

नोएल आला. लोक बाजूला झाले. माझ्यापाशी येऊन तो अगदी हळू म्हणाला, "डिम्फ्ना... आत जायचंय?"

"हो."

"माझे पाय..."

"पेटी खांद्यावर असेल. तू थांबलास तर पाच जण अडकतील."

तो पेटीशी जाऊन उभा राहिला. आता सगळे फर्गलकडे बघत होते. फर्गल समोर बघत होता, त्याचा जबडा आवळलेला. मग त्याने आपला लांब हात उचलला आणि नोएलच्या खांद्यावर टाकला.

"टाक तुझा," तो गुरगुरला. "नीट टाक. मी काचेचा नाहीये."

पेटी उचलली गेली. सपाट, जराही न झुकता. मी मागून चालत होते. मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या, दोन काळे ओले कोट आणि त्यांवर एकमेकांत गेलेले दोन हात. उंबरठ्यापाशी आत ऑर्गन सुरू झाला, आणि नोएलचं पाऊल थांबलं. खरंच थांबलं. फर्गलची बोटं त्याच्या खांद्यात रुतलेली दिसली.

"डावा पाय," फर्गल हळूच म्हणाला. "मग उजवा. चल, मी आहे."

आणि तो आत गेला.

पेटी वेदीपुढे ठेवल्यावर त्याने मागे दाराकडे पाहिलं. मी बाकावर सरकून जागा केली. तो बसला. नखशिखान्त थरथरत होता, आणि मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, इतकं, की डॅडींसाठी रडायचं ते रडू आणि हे एकच होऊन गेलं. पलीकडे फर्गल गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. त्याने वळून पाहिलं नाही, पण आपली टोपी बाकावरून उचलून नोएलला जागा करून दिली.

मग ती प्रार्थना आली. चॅपलभर सगळ्यांनी एका सुरात म्हटली. 'वाइटापासून सोडव' आलं, आणि सगळे थांबले. नोएल थांबला नाही. त्याला भानच नव्हतं. त्या शांततेत त्याचा एकट्याचा आवाज खणखणीत पुढे गेला, "कारण राज्य, सामर्थ्य..."

आणि तुटला. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मी फर्गलकडे पाहिलं. फर्गलची मान खालीच होती, पण त्याचे खांदे हलत होते. रडत होता की हसत होता, मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

वेदीवर फादर क्षणभर थबकले, आणि मग आमच्या रिवाजाप्रमाणे मधली चार वाक्यं बोलले. ती झाली की हल्ली मिस्सेत आम्हीही पुढची ओळ म्हणतो. तीनशे माणसांनी ती म्हटली. राज्य, सामर्थ्य, गौरव. तीच ओळ, अगदी तीच, फक्त त्याच्यापेक्षा थोडी मागून.

नोएल माझ्याकडे बघतच राहिला.

"एवढी घाई काय होती?" मी कुजबुजले.

"तुम्हीच फार वेळ लावता," तो पुटपुटला.

त्याचा ओला हात बाकावर माझ्या हाताशेजारी होता. अकरा जोड घरात असून एकही हातमोजा घातला नव्हता त्याने. मी तो हात धरला, चारचौघांदेखत, आणि मिस्सा संपेपर्यंत सोडला नाही.